वॉटसनचे बिडाचे हॉटेल

मुंबईत काळा घोड्याला जाणे झाले की आपण जहांगीर आर्ट गॅलरी पाहतो, विद्यापीठाचे राजाबाई टॉवर पाहतो आणि परततो. तिथेच जवळ उभी असलेली एस्प्लनेड मॅन्शन मात्र सहसा कोणी बघत नाही. तिची दशाच तशी आहे. पण आजूबाजूच्या दगडी गॉथिक इमारती पुऱ्या होण्याच्या आधीची ही वास्तू, आणि तीही बिडाची!

1860च्या दशकात अमेरिकेतील यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचा तट पाडायला घेतला आणि मोकळ्या जागेवर नवे शहर उभे राहू लागले. जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्याने तिथे जागा घेतली. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या प्रचंड छपरातही त्याचा हात होता. खांब-तुळया इंग्लंडात ओतल्या, जहाजाने मुंबईस आणल्या आणि इथे जोडल्या. मधल्या भागात विटा भरल्या. 1867 ते 1869 या काळात बांधकाम झाले आणि 1871 मध्ये हॉटेल सुरू झाले. सांगाडा बाहेरून उघडा ठेवलेला. त्या काळच्या मुंबईकरांना तो काय वाटला असेल, कोण जाणे.

हॉटेल गोऱ्यांसाठीच होते. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिला भक्कम पुरावा मात्र नाही.

आपल्या दृष्टीने या वास्तूचे खरे मोल वेगळेच आहे. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली ती इथे, एक रुपया तिकिटाने. हे खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, या मराठी छायाचित्रकाराने विलायतेहून कॅमेरा मागवला. 1899 मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचे चित्रण केले. 1901 मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचेही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या बारा वर्षे आधी!

पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांचे तुकडे पडले. हायकोर्ट जवळ, म्हणून वकिलांची कार्यालये आली. भाडी तुटपुंजी, डागडुजी कोणी करायची याचा निकाल नाही. आपल्या जुन्या वाड्यांची जी कहाणी, तीच इथली. 2005 मध्ये एक भाग कोसळून एकाचा जीव गेला. त्याच वर्षी जगातील धोक्यातल्या शंभर वारसास्थळांच्या यादीत नाव आले, पण यादीने गंज थांबत नाही. 2019 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी झाली. एका तांत्रिक अहवालाने ती पाडावी असे सुचवले, तर वारसातज्ज्ञ म्हणाले, दुरुस्ती शक्य आहे. विटा आणि लाकूड बदलता येईल, हे मलाही पटते. सांगाडा मात्र मूळचा आहे आणि एकदा भंगारात गेला की तसा दुसरा मिळणार नाही.