स्पीकर चेंजओव्हर

स्पीकरची एकच जोडी आलटून पालटून दोन ॲम्प्लिफायरवर चालवण्यासाठी वापरला जाणारा खटका. गाण्यांसाठी स्टीरिओ ॲम्प्लिफायर आणि चित्रपटांसाठी एव्ही रिसीव्हर अशी दोन यंत्रे असलेल्या घरांत त्याची गरज पडते. चांगल्या स्पीकरची दुसरी जोडी खिशाला परवडली, तरी दिवाणखान्यात मावत नाही.

दोन्ही ॲम्प्लिफायरच्या वायरी स्पीकरच्या एकाच टर्मिनलला पिळून लावायच्या आणि एका वेळी एकच यंत्र चालू ठेवायचे, हा सहज सुचणारा उपाय घातक आहे. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरचा निर्गम संरोध फार कमी असतो. डॅम्पिंग फॅक्टर १०० असेल, तर ८ ओहमच्या स्पीकरच्या हिशेबाने तो अवघा ०.०८ ओहम भरतो. दोन्ही यंत्रे चुकून एकदम चालू झाली, की प्रत्येकाच्या दृष्टीने दुसरे म्हणजे जवळजवळ शॉर्ट सर्किटच. आउटपुट ट्रान्झिस्टर क्षणात जातात. दुसरे यंत्र बंद असले तरी त्याच्यात उलट वाटेने प्रवाह शिरू शकतो. काही ॲम्प्लिफायरमधला रिले बंद स्थितीत स्पीकरची वाट तोडतो, त्यामुळे ही जोडणी महिनोन्‌महिने निभावतेही. म्हणूनच ती अधिक फसवी.

जनरेटर आणि महावितरणची वीज यांच्यामध्ये जो चेंजओव्हर बसवतात, त्याचेच तत्त्व येथे लागू पडते: दोन उगम कधीही एकमेकांना भेटता कामा नयेत. खटक्याने पहिला संपर्क पूर्ण तोडल्यावरच दुसरा जोडला पाहिजे. मध्ये ‘बंद’ ही जागा असेल तर उत्तम. डाव्या-उजव्या स्पीकरच्या लाल वायरींबरोबर काळ्याही तोडाव्या लागतात, म्हणून खटका चार पोलचा हवा. काळी वायर म्हणजे अर्थिंग, हा समज ब्रिज पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये महागात पडतो, कारण तेथे दोन्ही टर्मिनलवर सिग्नल असतो. ८ ओहमवर १०० वॅटसाठी सुमारे ३.५ अँपिअर प्रवाह लागतो. संपर्क १० अँपिअरचे असले, की चिंता नाही.

एका ॲम्प्लिफायरवर दोन जोड्या चालवणारा ‘ए-बी’ सिलेक्टर उलटा जोडून काम भागवणारेही आहेत. त्यातली दोन्ही बटणे एकदम दाबता येत असतील, तर तो या कामाचा नाही. बाय-वायरिंगच्या स्पीकरला टर्मिनलच्या दोन जोड्या दिसतात, म्हणून प्रत्येकीवर एक ॲम्प्लिफायर लावण्याचा मोह होतो. मधल्या पट्ट्या तशाच राहिल्या तर दोन्ही यंत्रे परस्परांना जोडली जातात. काढल्या तर एकावर नुसता ट्वीटर वाजतो, दुसऱ्यावर वूफर.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला भाराविना सिग्नल दिल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उच्च दाब निर्माण होऊन इन्सुलेशन फुटू शकते. त्यामुळे स्पीकर तुटताच योग्य वॅटेजचा ८ ओहमचा रोधक त्या ॲम्प्लिफायरवर यावा, अशी सोय खटक्यातच हवी.

स्पीकरच्या वायरीला हात न लावणारा मार्ग याहून सरस. स्पीकर कायम स्टीरिओ ॲम्प्लिफायरला जोडायचे आणि रिसीव्हरच्या पुढच्या दोन वाहिन्यांचा प्री-आउट ॲम्प्लिफायरच्या ‘होम थिएटर बायपास’ इनपुटला द्यायचा. तेथे आवाजाची मूठ बाजूला पडते आणि सगळे नियंत्रण रिसीव्हरकडे जाते. बायपास नसल्यास ऑक्स इनपुट वापरून मूठ दर वेळी ठरावीक खुणेवर आणावी लागते. चित्रपट पाहताना मात्र दोन्ही यंत्रे चालू ठेवावी लागतात.