बहिरी ससाणा आणि जात्यावरची मैना

१/ मुळशीच्या जलाशयावर घिरट्या घालते ती घार. काठच्या झाडीत बोलते ती मैना. एक शिकारी, दुसरी गाणारी. इतिहासाच्या साधनांत या दोन जातींच्या पक्ष्यांच्या नोंदी कोठे सापडतात, ते पाहू.

२/ शिकारी पक्षी दरबारात भेटतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात 'श्येनविनोद', म्हणजे ससाण्यांकरवी शिकार, हा राजाच्या करमणुकीचा स्वतंत्र विषय आहे. पुढे 'ऐन-इ-अकबरी'नेही बादशहाच्या शिकारी पक्ष्यांची दखल घेतली.

३/ भाषेतही त्या दरबाराचा ठसा आहे. बाज, शिकरा, बहिरी हे शब्द फारसीच्या वाटेने आले. 'बहिरी ससाणा' बहिरा मुळीच नसतो! 'बहरी' हे त्या ससाण्याचेच नाव. मूळ अरबी 'बह्र', म्हणजे समुद्र.

४/ मैनेसाठी कोणी कारखाना उभारला नाही. तिची नोंद जात्यावर झाली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांत मुळशीच्या खेड्यांतील बायकांच्या ओव्याही आहेत. ओवीत मुलगा राघू, मुलगी मैना. सासरी जाते ती मैनाच.

५/ आणि शिकारी पक्षी? जनाबाईंच्या नावे प्रसिद्ध असलेल्या अभंगात घार येते ती पिलांत जीव गुंतलेली आई म्हणून. गंमत अशी, की ससाण्याची मादी नरापेक्षा मोठी असते आणि शिकारीसाठी तिलाच अधिक पसंती असे. दरबाराला तिची झडप दिसली, बायकांना तिचे घरटे.

६/ मुळशीत हा भेद महत्त्वाचा ठरतो. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांचे धरण आले. १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापट या लढ्याचे नेते म्हणून ओळखले गेले. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झाले, गावे बुडाली.

७/ जमिनीचा मोबदला, अटका, खटले यांसाठी दप्तर चाळावेच लागेल. पण उंबरठा सोडणाऱ्या बाईचे मन दप्तरात फारसे उतरत नाही. त्यासाठी या खोऱ्यातील बायका दुःख कोणत्या शब्दांत सांगत, हे आधी शिकावे लागते. आणि ते शब्द जात्यावर आहेत.

८/ प्रकल्पातील अनेक ओव्या 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. आपल्या आजीला ओव्या येत असतील तर तिच्या आवाजात, नाव-गाव-तारखेसह आजच नोंदवून ठेवा. तेही इतिहासाचे साधन आहे.