पीएच.डी. करावी की न करावी : प्रश्न जुनाच आहे

मागच्या व्याख्यानानंतर एक मुलगी आम्हाला जिन्यात थांबवून म्हणाली, "सर, एम.ए. झालंय, सेट पण झालीय. पीएच.डी.ला नाव नोंदवू का? घरचे म्हणतात, पाच-सहा वर्षं घालवून पुढे काय?" चाळीस वर्षांत हा प्रश्न आम्हाला कितीतरी वेळा विचारला गेला आणि दर वेळी आम्ही एका दमात 'कर की, विचारतेस काय' असं सांगून मोकळे झालो. या वेळी मात्र तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून आजचा ठरलेला विषय बाजूला ठेवून या प्रश्नाचाच थोडा इतिहास पाहू.

सुरुवात म्युनिकपासून करू. ७ नोव्हेंबर १९१७. महायुद्ध चालू आहे, आणि माक्स वेबर विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान द्यायला उभे आहेत. विषय असा की, ज्ञानसाधना हा जीवनधर्म म्हणून पत्करणं म्हणजे काय. मुलांना वाटलं असणार की आता काहीतरी उदात्त ऐकायला मिळेल. वेबर सुरुवात कुठून करतात? नोकरीपासून, पगारापासून. पदवी घेतलेल्या आणि विद्यापीठातच राहू इच्छिणाऱ्या तरुणाचं पुढे नेमकं होतं काय, इथून.

त्या काळचा जर्मन रिवाज असा होता. डॉक्टरेट झाली की आणखी एक मोठा प्रबंध लिहायचा, तो मान्य झाला की विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार मिळायचा. अधिकार मिळायचा बरं का, पगार नाही. अशा माणसाला 'प्रिव्हाटडोत्सेंट' म्हणत. त्याची कमाई म्हणजे वर्गाला बसणाऱ्या विद्यार्थ्यांची फी. कांटसारखा माणूस १७५५ पासून १७७० पर्यंत असाच शिकवत होता. मध्ये राजवाड्याच्या ग्रंथालयात दुय्यम ग्रंथपालाची नोकरीही त्याने केली. प्राध्यापकपद मिळालं तेव्हा वय सेहेचाळीस. शोपेनहाउअरची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. बर्लिनमध्ये त्याने मुद्दाम हेगेलच्या तासाच्या वेळेलाच आपला तास ठेवला आणि त्याच्या वर्गात जवळपास कोणी आलंच नाही. पण त्याला ते परवडलं, कारण व्यापारी वडिलांचा पैसा मागे होता. ही हसण्यावारी न्यायची बाब नाही. वेबरही हेच सांगतात : ज्याच्या घरी काही नाही त्याने या वाटेला जाणं म्हणजे भलतंच धाडस, आणि पद मिळतं की नाही हा निव्वळ नशिबाचा भाग. स्वतः वेबर तिसाव्या वर्षी पूर्ण प्राध्यापक झाले होते, आणि त्यातही योगायोगाचा हात होता हे ते त्या व्याख्यानात प्रांजळपणे कबूल करतात. दरवर्षी आपल्यापेक्षा सुमार माणसं पुढे जाताना बघायची आणि कडवट व्हायचं नाही, हे जमेल का, असं ते तरुणांना विचारायला सांगतात. ज्यू तरुणाला तर, म्हणतात, आशा सोड असंच सांगावं लागतं. म्हणजे नशीबही सगळ्यांना सारखं नव्हतं.

अमेरिकेत चित्र वेगळं होतं. तिथे साहाय्यकाला पगार होता, पण त्याला काढूनही टाकता येत असे. आणि पदवीचा सोस तिथे आधीच सुरू झाला होता. विल्यम जेम्सने १९०३ सालीच त्याला ऑक्टोपस म्हटलं. जेम्स हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवत, पण त्यांची स्वतःची पदवी वैद्यकाची. ते एका तरुणाची हकिकत सांगतात. एका कॉलेजने त्याला इंग्रजी साहित्य शिकवायला नेमलं आणि मग लक्षात आलं की याच्या नावामागे डॉक्टर नाही. पदवी कोणत्याही विषयातली चालेल, पण हवी! बिचाऱ्याने तत्त्वज्ञानात प्रबंध दिला, तो पहिल्यांदा नापसंत झाला. साहित्य शिकवण्याशी त्याचा संबंध काय, हे कोणी विचारलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. इथे आमचा जीव अडकलेला आहे, म्हणून जरा रेंगाळणार.

मराठी माणसांपैकी ज्यांनी परदेशी जाऊन ही पदवी आणली त्यांना परतल्यावर खुर्ची तयार होती असा आपला समज असतो. श्रीधर व्यंकटेश केतकर १९११ साली कॉर्नेलचे डॉक्टर झाले. परत आल्यावर काही काळ कलकत्ता विद्यापीठात शिकवलं, पण कायमची जागा काही मिळाली नाही. मग त्यांनी ज्ञानकोशाची कंपनी काढली, भाग विकले, आणि तेवीस खंड उभे केले. अखेरचा काळ ओढगस्तीतच गेला. इरावती कर्वे १९३० साली बर्लिनहून पीएच.डी. घेऊन आल्या आणि काय झाल्या? मुंबईला महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं तेव्हा त्यांना त्यांच्या विषयाचं काम मिळालं. नऊ वर्षांनी! उलट दामोदर कोसंबींकडे पीएच.डी. नव्हतीच, आणि त्यांचं काम आपण आजही वाचतो.

आणि अमळनेर. तत्त्वज्ञानाच्या माणसाला अमळनेर विसरून चालत नाही. १९१६ मध्ये प्रताप शेठजींच्या पैशावर तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. फेलो म्हणून यायचं, राहायचं, वाचायचं, वाद घालायचा. साने गुरुजी काही काळ तिथे होते, कृष्णचंद्र भट्टाचार्य संचालक होते. मलकानी, रासविहारी दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून अज्ञान या एकाच संकल्पनेवर १९३३ साली पुस्तक लिहिलं, तिघांची मतं वेगळी ठेवून. खानदेशातल्या एका गिरणीमालकाला हे सुचलं, याचं आम्हाला अजून नवल वाटतं. पदवीचं नाव नाही, नोकरीची हमी नाही, पण अभ्यासाच्या काळात पोटाची सोय होती.

आमची पिढी मात्र फार सुखात आली. हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. सत्तरच्या दशकात तालुक्या-तालुक्यांत कॉलेजं निघत होती. आम्ही नुसत्या एम.ए.वर अधिव्याख्याता झालो, पगारश्रेणी सातशे ते सोळाशे. पीएच.डी. केली ती नोकरी पक्की झाल्यावर, सुटीच्या दिवसांत, सावकाश. विषयाची गोडी होती म्हणून. त्यामुळे झालं काय, की 'गोडी असेल तर करावी' हा आमचा सल्ला त्या सुखातून निघत होता. पक्क्या छपराखाली बसून पावसाचं कौतुक केल्यासारखं.

पुढे छप्पर गळायला लागलं. १९८९ पासून नेट आली. १९९१ नंतर नेट-सेट नसलेल्या अध्यापकांचा प्रश्न महाराष्ट्रात किती वर्षं कोर्टकचेऱ्यांत फिरला, हे इथल्या काहींनी भोगलेलं आहे. २००९ मध्ये नियम आला की ठरावीक पद्धतीने पीएच.डी. केली असेल तर नेटमधून सूट. २०१८ मध्ये ठरलं की विद्यापीठ विभागात साहाय्यक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. हवीच, जुलै २०२१ पासून. ती तारीख पुढे ढकलून जुलै २०२३ केली, आणि ती उजाडताच सांगितलं की नेट-सेट पुरे, पीएच.डी. ऐच्छिक. जेम्सच्या त्या तरुणाला निदान एकदाच नाचवलं होतं.

आणि जागा? २०१८ च्या अखेरीस राज्याने साहाय्यक प्राध्यापकांची ३,५८० पदं भरायला परवानगी दिली. ती पूर्ण भरण्याआधीच कोरोना आला, मे २०२० मध्ये भरती थांबली, आणि उरलेल्या २,०८८ पदांची वाट नोव्हेंबर २०२१ मध्ये मोकळी झाली. मधल्या काळात वर्ग चालवले कोणी? तासिका तत्त्वावरच्या लोकांनी. जितके तास तितके पैसे, सुटीत काही नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. वेबरचा प्रिव्हाटडोत्सेंट हाच, फक्त त्याला शिकवण्याच्या हक्कावरून कोणी हटवू शकत नव्हतं, आणि याला दरवर्षी हटवतात. तत्त्वज्ञानासारख्या विषयात तर विद्यार्थी कमी झाले की कार्यभार जातो आणि माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर पदही जातं. आमचं पद असंच गेलं.

आता एक कबुली. आमच्या मार्गदर्शनाखाली अकरा जण डॉक्टर झाले. कायम नोकरीत चौघे. एक जण बारा वर्षं तासिकांवर होता, चाळिशी ओलांडल्यावर त्याने गावी खत-बियाण्यांचं दुकान घातलं. भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि आम्हाला नजर वर करवत नाही. कारण त्याला 'कर' म्हणताना आमचाही त्यात स्वार्थ होता. २०१० नंतर मार्गदर्शकाला प्रत्येक पीएच.डी.मागे गुण मिळत. त्या गुणांवर बढती होती. हे आम्ही त्याला तेव्हा सांगितलं नाही. त्याने जागांची चौकशी केली होती, आम्ही 'निघतील की' म्हटलं.

तर त्या मुलीला काय सांगणार? तिची सेट झालेली आहे, म्हणजे नोकरीच्या दारात उभं राहायला पीएच.डी.ची आज सक्ती नाही. छाननीत तिचे गुण मिळतात, पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायला ती लागेल, हे खरं. पण आधी फेलोशिप बघ, असं आम्ही सांगू. जेआरएफ असेल तर महिना ३७,००० रुपये मिळतात, २०२३ पासूनचा दर आहे. नाहीतर बार्टी, सारथी, महाज्योती यांपैकी आपल्याला काय लागू होतं ते बघावं, आणि पैसे वेळेवर येतात का हे आधीच्या संशोधकांना विचारावं, कार्यालयाला नव्हे. पैशाची सोय नसेल तर आम्ही आज 'थांब' म्हणू. मार्गदर्शकाला तोंडावर विचारावं की तुमचे मागचे विद्यार्थी आज काय करतात. जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नये. आम्हाला कोणी विचारलं असतं तर आम्हीही बहुधा चिडलो असतो!

आणि एक विचारायचं तिच्याकडूनच : नोकरी लागली नाही तरी ज्या प्रश्नावर चार वर्षं घालवल्याचा पस्तावा होणार नाही, असा प्रश्न तुझ्याकडे आहे का? हे आम्ही तिला परवा फोनवर विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली की वारकरी स्त्रियांच्या ओव्यांमध्ये 'देह' हा शब्द कोणकोणत्या अर्थांनी येतो ते तिला बघायचंय. आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिने वहीत उतरवून ठेवल्या आहेत, दीड वही. पैशाचं काय, असं विचारलं, तर फेलोशिपचा निकाल अजून लागायचा आहे. नोंदणीची मुदत या महिन्याच्या अखेरीस संपते. ती वही घेऊन या रविवारी घरी ये, असं आम्ही तिला सांगितलं आहे.

बरं, कोणाला काही विचारायचंय का?