पोलाद आणि सेंद्रिय पदार्थ

लोखंडाला कठीणपणा आणणे आणि ते गंजू न देणे, या दोन कामांसाठी झाडपाला, साली, मळी व तेले वापरतात. दोन्ही कामे वेगळी. बोलण्यात मात्र त्यांची सर्रास सरमिसळ होते.

कठीणपणा देतो तो कार्बन. पंढरपूरच्या मुरमाड माळावर आपोआप फोफावणारी तरवड आणि रुई या कामात नावाजलेल्या आहेत. मऊ लोखंडाचे तुकडे, तरवडीचे लाकूड आणि रुईची पाने मुशीत घालायची, तोंड मातीने लिंपायचे आणि भट्टीत तासन्‌तास तापवायचे. झाडपाल्याचा कोळसा होऊन त्यातला कार्बन लोखंडात मुरतो. कर्नाटक, तमिळनाडू आणि तेलंगणातील कोनासमुद्रम येथे पूर्वी होणाऱ्या या ‘वुट्झ’ पोलादात १ ते २ टक्के कार्बन असे. १७९४ मध्ये मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीत त्यावर निबंध वाचला.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केळीची राख ताकात कालवून शस्त्राला पाणी देण्याची (तापवून बुडवून कठीण करण्याची) कृती आहे. लोहार तापलेले पाते पाण्याऐवजी तेलात बुडवतो तेव्हा ते सावकाश निवते आणि तडकण्याची भीती कमी होते.

गंजाच्या बाबतीत टॅनिन हे तुरट द्रव्य महत्त्वाचे. विळीवर आवळा चिरला की पाते काळवंडते, ती टॅनिनचीच करामत. डाळिंबाच्या सालीत ते भरपूर असते, आणि पंढरपूर-सांगोला पट्ट्यात डाळिंबाला तोटा नाही (सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले). साल उकळून गाळलेला काढा गंजक्या खिळ्यावर चोपडला, तर तांबूस गंज निळसर काळा होतो. हे फेरिक टॅनेट पाण्यात सहज विरघळत नाही. आम्लाने पोलाद साफ करताना हाच अर्क थोडा मिसळला, तर त्याचे रेणू धातूला चिकटून आम्लाला अडवतात, असे प्रयोगशाळांत दिसले आहे. तापमान चढले की ही पकड बहुधा सुटते.

साखर कारखान्यातली मळी (मोलॅसिस) आठ-दहा पट पाण्यात कालवून गंजका सुटा भाग त्यात आठवडा-दोन आठवडे बुडवला, तर गंज सुटून येतो. मात्र मळी गंज काढते, पुढे राखण करत नाही. धुऊन कोरडे केल्यावर लगेच तेलाचा हात द्यावा लागतो. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यात पिकणाऱ्या करडईचे तेल चांगले : त्यात लिनोलिक आम्ल जास्त असल्याने हवेत ते हळूहळू सुकते आणि पातळ पापुद्रा धरते. शेंगदाण्याचे तेल असे सुकत नाही, नुसते चिकट राहते.

खुरपे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांना एवढे पुरते. भीमेवरच्या पुलाला किंवा बंधाऱ्याच्या दरवाजांना पुरत नाही. तिथे जस्ताचा थर किंवा इपॉक्सी रंगच हवा.