‘वासूनाका’ आणि अस्वस्थ वाचक

भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा मराठी वाचकाला तिच्यातील लैंगिक प्रसंगांपेक्षाही तिच्या निवेदनाने अधिक हादरवले असावे. कारण मुंबईतील नाक्यावर दिवस घालवणाऱ्या, येत्याजात्या मुलींची छेड काढणाऱ्या टोळक्यातलाच पोक्या ही हकिकत टोळक्याच्याच बोलीत सांगतो, आणि लेखक कोठेही निवाडा देत नाही. कथनात एखाद्या सज्जनाचा आधार शोधणाऱ्या मध्यमवर्गीय वाचकाला तो येथे मिळत नाही. आचार्य अत्रे यांनी कादंबरीवर प्रखर टीका केली, तर दिलीप चित्रे यांनी पाध्यांची बाजू उचलून धरली. कायद्याचे वातावरणही प्रतिकूल होते : १९६४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम करताना ‘हिक्लिन कसोटी’, म्हणजे वाईट प्रभाव सहज स्वीकारणारी मने लिखाणाने बिघडतील काय हे पाहणारा १८६८ चा इंग्रजी निकष, काही सुधारणांसह मान्य केला होता. हा निकष दुबळ्यात दुबळा वाचक प्रमाण मानतो. ‘वासूनाका’ला मात्र पोक्याशी सहमत न होता त्याचे शेवटपर्यंत ऐकून घेणारा, आणि त्या ऐकण्याने स्वतःही बेचैन होणारा, वाचक हवा होता.