आजऱ्याहून जुन्या गोव्यास पायी



कोल्हापूरच्या माणसाला ऐतिहासिक वाट म्हटली की एकच आठवते, पन्हाळा ते विशाळगड. १६६० सालच्या आषाढात शिवाजीमहाराज ज्या वाटेने निसटले आणि बाजीप्रभूंनी जी खिंड आपल्या देहाने अडविली, त्या वाटेने दर पावसाळ्यात शेकडो तरुण चिखल तुडवीत जातात. कोणी भक्तीने जातो, कोणी पैजेने जातो. किती तासांत पोचलो हे सांगणारे जितके भेटतात, तितके आपण कोणत्या वाटेने चाललो हे सांगणारे भेटत नाहीत. असो. आमच्या फाउंड्री कामगारांची एक टोळीही या वाटेने जात असते. २०२४ साली त्या टोळीने ठरविले की यंदा नवी वाट घ्यावयाची. आणि ती सुचविली एका आजरेकर मोल्डरने.

हा गृहस्थ ख्रिस्ती. आजरा-चंदगड भागात घरी कोंकणी आणि बाहेर मराठी बोलणारी जी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, त्यांपैकी एक. संत फ्रान्सिस झेवियरचा सण ३ डिसेंबरला असतो. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस प्रार्थना चालतात, आणि त्या सुमारास बेळगाव, खानापूर, सावंतवाडी, कारवार या बाजूंनी माणसांचे जथे जुन्या गोव्याकडे पायी निघतात. पंढरीच्या दिंडीत टाळ असतात, येथे जपमाळ असते; बाकी पायांना येणारे फोड सारखेच. तो म्हणाला, "अण्णा, विशाळगड एका दमात मारता, गोव्याला पाच दिवस चालून दाखवा."

आम्ही बिनपगारी रजा टाकून आजऱ्याहून निघालो. आंबोलीपर्यंत उत्साह होता. आंबोलीचा घाट उतरताना गुडघ्यांनी उत्साहाचा हिशेब मागितला. सावंतवाडी, बांदे, मग पत्रादेवीचा नाका. येथे आम्ही बराच वेळ थांबलो, कारण ही जागाही पायी आलेल्या माणसांचीच आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीचे सत्याग्रही निःशस्त्र चालत येथून आत शिरले आणि पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडले. पंजाबचा कर्नैलसिंग येथेच पडला. आमच्या आधीच्या पिढीच्या कामगार कार्यकर्त्यांकडून सत्याग्रहाच्या हकिकती आम्ही लहानपणी ऐकल्या होत्या. पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला.

या नाक्यावरच वादाला तोंड फुटले. टोळीतील एका तरुण फिटरने वाचन केले होते. त्याने विचारले, "ज्याने गोव्यात इन्क्विझिशन बसवा म्हणून राजाला लिहिले, त्याच्या दारी आपण कशासाठी चाललो आहोत?"

प्रश्न रास्त होता आणि त्याला बगल देणे आम्हांस बरे वाटले नाही. झेवियरने मे १५४६ मध्ये पूर्वेकडील बेटांतून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशनची मागणी केली, ही गोष्ट खरी आहे. तो १५५२ साली वारला आणि ते धर्मन्यायालय १५६० साली आले, हेही खरे. पण मागणी त्याची होतीच. ते न्यायालय मधली थोडी वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले. १५६० च्या सुमारास मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, तो हौसेने गेला नाही. देव डोक्यावर घेऊन माणसे नदीपार पळाली.

परंतु माणसाचा हिशेब एका रकान्यात मांडता येत नाही. हाच झेवियर १५४२ साली गोव्यास उतरल्यावर थोड्याच महिन्यांत दक्षिणेकडील मोती काढणाऱ्या परवर कोळ्यांत जाऊन राहिला. त्या गरिबांना पोर्तुगीज अधिकारीच कसे नाडतात याविषयी त्याने आपल्या पत्रांतून कडक तक्रारी केल्या आहेत. बुडी मारणाराचा मोती आणि नफा भलत्याचा, हे त्याला दिसत होते. ज्याला हे दिसले त्यालाच दुसऱ्याच्या श्रद्धेवरची जबरदस्ती का खुपू नये? आम्हांस हे कोडे सुटलेले नाही.

पायी चालण्यात मात्र तो आमच्याहून पुढचा. १५३६ च्या नोव्हेंबरात पॅरिसहून तो आपल्या सोबत्यांसह निघाला आणि ऐन हिवाळ्यात, लढाई चालू असलेल्या मुलखातून, पुढल्या जानेवारीत व्हेनिसला पोचला. तो जन्मला नवारा प्रांतात. युरोपातील सर्वांत नावाजलेली यात्रेची वाट, सान्तियागोची, त्याच प्रांतातून जाते. संत याकोबाच्या समाधीकडे जाणाऱ्या या वाटेवर हजार वर्षांहून अधिक काळ माणसे चालत आहेत. २०२४ साली पोचल्याची नोंद करणारे सुमारे ५ लाख होते. निदान शेवटचे १०० किलोमीटर चालल्याशिवाय तेथे दाखला मिळत नाही. आमच्या फिटरला ही अट फार आवडली. आपल्या कोल्हापुरातील ख्रिस्ती मंडळी बहुतेक प्रॉटेस्टंट, १८५२ साली आलेल्या वाइल्डर यांच्या अमेरिकन मिशनच्या परंपरेतील. त्यांना संतांच्या देहाचे हे कौतुक नाही. म्हणून ही वाट आपल्या शहरात फारशी कोणाच्या बोलण्यात नसते.

आजरेकर हा सगळा वाद मुकाट्याने ऐकत होता. कोलवाळच्या पुलावर तो एवढेच बोलला : "आमचे जुने लोक गोव्यातून वर आले ते काही सुखाने नाही. कोणी कराला कंटाळून, कोणी दुष्काळाने, कोणी त्याच इन्क्विझिशनच्या धाकाने. ख्रिस्ती झालेल्यांनाही त्याने सोडले नाही. आणि तरी माझी आजी दर वर्षी याच वाटेने सायबाला भेटायला जायची." झेवियरला गोव्यात ‘गोंयचो सायब’ म्हणतात आणि हिंदूही त्याच्यापुढे मेणबत्ती लावतात. फिटर यावर काही बोलला नाही; पण त्याने आजरेकराची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

म्हापसा, पर्वरी, पणजी. पणजीहून रायबंदरकडे जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा लांबलचक पूल १६३३-३४ साली बांधलेला. डावीकडे मांडवी. पलीकडे कोठेतरी जुवे बेट. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजीराजांच्या फौजेने ते बेट घेतले आणि राजधानीची झोप उडाली. सांगतात की व्हाइसरॉयने तेव्हा झेवियरची शवपेटी उघडवून आपला अधिकारदंड त्याच्या हाती ठेवला आणि शहर सांभाळण्याची विनंती केली. मोगलांची फौज मागून आली म्हणून संभाजीराजांना परतावे लागले. श्रेय मात्र संताला मिळाले! १६८० साली ज्यांना पन्हाळ्यावर वडिलांच्या निधनाची वार्ता कळली, तेच हे राजे. तेव्हा आपल्या पन्हाळ्याची वाट या वाटेला अशी मिळते.

या मुलखाची आणखी एक गोष्ट आम्हांस त्या पुलावर आठवली. १५७९ साली गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने १६१६ मध्ये मराठीत, ओव्यांत, ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले. ओव्या सुमारे ११,०००. एकीकडे धर्मन्यायालय आणि दुसरीकडे ज्ञानोबांचा छंद, दोन्ही एकाच काळात, एकाच मुलखात.

त्या वर्षी दहा वर्षांनी होणारे शवदर्शन होते. बॉम जेझस मंदिरातील पेटी २१ नोव्हेंबरला समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेली होती. रांगेत आमच्या पुढे खानापूरकडचे शेतमजूर, मागे मडगावच्या बाया. पेटीपुढे प्रत्येकाला काही क्षणच मिळाले. आजरेकराने गुडघे टेकले, आम्ही हात जोडले. फिटर हात पाठीमागे बांधून उभा राहिला, नीट पाहिले आणि पुढे झाला.

परतीच्या एसटीत आंबोलीच्या घाटात त्याने पुन्हा पत्राचा विषय काढला. आजरेकर म्हणाला, "पुढच्या वर्षी चालताना बोलू." आणि खिडकीला डोके टेकून झोपला.