खेरीज म्हणजे बाहेरचा

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत मी इंग्रजी शिकवले. मुलांचा हमखास घोटाळा व्हायचा तो 'एक्सेप्ट' आणि 'बिसाइड्स' या दोन शब्दांत. दोष मुलांचा नाही. मराठीत दोन्हींचे काम एकच शब्द करतो. 'रामाखेरीज सगळे आले' म्हणजे राम घरी राहिला. 'रामाखेरीज आणखी दोघे आले' म्हणजे राम आलाच. 'शिवाय'चेही तसेच. इंग्रजीत पहिल्या वाक्याला एक्सेप्ट लागतो, दुसऱ्याला बिसाइड्स.

'खेरीज' मूळचा अरबी 'खारिज', म्हणजे बाहेरचा. फारसी दप्तरातून तो आपल्याकडे आला. कोर्टात दावा खारीज होतो, तो याचाच भाऊ. 'एक्सेप्ट' लॅटिनमधून आलेला. त्याचा अर्थ बाहेर काढलेला. म्हणजे आधी कुंपण घालायचे आणि मग कोणाला तरी त्याच्या बाहेर ठेवायचे.

हे कुंपण आपल्याच भागात एकदा फार ठळक दिसले. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले, कापसाचा भाव कोसळला, त्यातच फेरमोजणीने शेतसारा वाढला. शेतकरी सावकाराच्या खतात अडकला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला काढले. गाव चिडले. सावकारांचे शेत कोणी कसायचे नाही, त्यांच्या घरी चाकरी करायची नाही, असे ठरले. म्हणजे गाव सगळ्यांचे, सावकारांखेरीज. इंग्रजीत 'बॉयकॉट' हा शब्द आयर्लंडात जन्मला तो १८८० साली. करड्याने ती गोष्ट त्याआधीच करून दाखवली होती.

पुढे १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी दंगल पेटली. आज सुपे बारामती तालुक्यात आहे. लोकांना हवी होती ती कर्जखते. ती मुकाट्याने दिली, तिथे बहुतेक वेळा सावकाराला हात लागला नाही. पण एक गोष्ट मला नेहमी खटकते. सावकारी ब्राह्मणही करत होते, इतरही करत होते. तरी रोष आला तो मुख्यतः मारवाडी आणि गुजराती सावकारांवर. व्याज सगळेच घेत होते, मग कुंपणाबाहेर तेवढेच का? ते परमुलखातून आलेले, गावाच्या नात्यागोत्यात नसलेले. 'खेरीज'चा मूळ अर्थ इथे शब्दशः लागू पडतो.

१८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यात कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ देणे किती, व्याज किती, हे तपासता येऊ लागले. सावकार कोणत्या जातीचा, हा प्रश्नच नव्हता. हिशेब तेवढा पाहायचा.

मंडळी, शेतकऱ्याचे दुःख खरे होते, यात शंका नाही. पण ज्याने लुबाडले तो, आणि जो बाहेरचा तो, हे दोघे एकच समजले की हिशेब चुकतो. म्हणून 'अमक्यांखेरीज सगळे' असे कोणी म्हटले की मी आधी विचारतो, हे 'सगळे' कोणी ठरवले?